प्लॅस्टरवरचा आकडा

…तर बस गेली, आणि ही रस्त्याच्या कडेला डबा छातीशी धरून उभी. काल आपण इथंच थांबलो होतो. नऊ वर्षांची पोर, शाळेची सहल, वर्गातली सगळी मुलं बसमध्ये बसून गाणी म्हणायला लागलेली, आणि हिच्या मनात आलं की मामीनं घराला कुलूप लावलं खरं, पण ते लागलं का? म्हणून ही परत गेली आणि कुलूप ओढून बघून आली. दोनदा आधीच बघितलं होतं, हे तिसऱ्यांदा. तेवढ्यात सहल गेली. दुसरं कुणी असतं तर भोकाड पसरलं असतं. हिनं पायरीवर बसून डबा संपवला, आणि मी कामावरून आल्यावर मला एवढंच म्हणाली, "लागलं होतं, मामा." तेव्हापासून घरात तिचं नाव कुलूप. आता केस पांढरे व्हायला लागले तरी कुलूपच.

ही माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण आणि मेहुणे एकाच वर्षात गेले, आणि सहा वर्षांची ही आमच्याकडे आली ती आमचीच झाली. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, जेवायला खाली येते, आणि जाताना आमच्या गॅसचं बटण बघून जाते. मामी म्हणते, अगं, मी बंद केलंय. ही म्हणते, हो, मी नुसतं बघते. इतकी वर्षं झाली, पण या दोन वाक्यांत काडीचा फरक पडलेला नाही.

अशा माणसाला नोकरी कसली मिळावी? तर एका मोठ्या हॉस्पिटलात बॅकअप सांभाळायची. धुलाईघराच्या मागे तिची खोली आहे. खिडकी नाही, गार हवा सोडणारी दोन यंत्रं, आणि भिंतीपलीकडं दिवसभर चादरी घुसळण्याचा आवाज. मी आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त केले. शिक्षण म्हणाल तर एका खोलीत चार वर्ग भरायचे त्या शाळेतलं. तरी तिचं काम मी तिच्याकडून इतक्यांदा समजावून घेतलंय की आता मीच लोकांना समजावतो.

म्हणजे बघा. हॉस्पिटलात एक मोठा सर्व्हर आहे. त्याच्या पोटात तीस मशीनं आहेत, पण ती हाताला लागत नाहीत. एका इमारतीत तीस बिऱ्हाडं असावीत आणि प्रत्येकाला वाटावं की अख्खी इमारत आपलीच, तसं. याला ते लोक व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एक क्ष-किरणांचं, एक औषधांचं, एक स्वयंपाकघराचं. या सगळ्यांची रोज पहाटे नक्कल निघते. उद्या एखादं मशीन कोसळलं तर नक्कल उभी करायची आणि काम पुढं चालू. नक्कल काढणारा प्रोग्रॅम मात्र स्वतः सर्व्हरच्या आत शिरत नाही. त्याला आत नेणारी एक लायब्ररी असते. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमची. ती लायब्ररी सर्व्हरशीही जमली पाहिजे आणि प्रोग्रॅमशीही. सर्व्हर नवा आणि लायब्ररी जुनी, तर जमत नाही. लायब्ररी नवी आणि सर्व्हर जुना, तरी जमेलच असं नाही. आणि तिघांचीही नवी रूपं सतत येत असतात, प्रत्येक रूपाचा आकडा वेगळा.

तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा चिकटवलाय. आडवे सर्व्हरचे आकडे, उभे लायब्ररीचे, आणि चौकटीत बरोबरची खूण, फुली नाहीतर प्रश्नचिन्ह. कंपनीच्या कागदावर जमतं असं छापलेलं असलं तरी स्वतः करून बघितल्याशिवाय ही बरोबरची खूण करत नाही. याला कारण मी. ती शाळेत असताना मी तिला आमच्या पंपघरातली एक गोष्ट सांगितली होती. पंपाच्या तोंडाला आठ बोल्ट. त्यातल्या एकाचे आटे अगदी केसभर वेगळे होते. नट हातानं लागला, तीन आटे गेला, मग घट्ट झाला. आम्हाला वाटलं आवळला. पंप चार महिने सुरळीत चालला. पाचव्या महिन्यात तोंड सुटलं आणि माझा जोडीदार पाण्याच्या झोतानं भिंतीवर आपटला. वाचला, पण पुढं कधी सरळ चालला नाही. अजिबात न लागणाऱ्या नटाची भीती नसते हो, तो तिथंच सांगतो. भीती या तीन आट्यांच्या नटाची.

ही गोष्ट मी पुढं हजारदा सांगितली आणि विसरलो. तिनं एकदा ऐकली आणि कायमची गाठीला बांधली.

म्हणून तिची एक पद्धत आहे. हॉस्पिटलातल्या प्रत्येक मशीनच्या नावाची चिठ्ठी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकलेली. दर गुरुवारी दुपारी एक चिठ्ठी काढायची, त्या मशीनची नक्कल सर्व्हरच्या एका बंद कोपऱ्यात, चालू कामाला धक्का न लागता, उभी करायची, आणि त्या खात्यातल्या माणसाला बोलावून एक नोंद उघडून वाचायची. निघालेली चिठ्ठी सगळ्या संपेपर्यंत परत टाकायची नाही. चिठ्ठ्या एकतीस. तीस मोठ्या सर्व्हरवरच्या, आणि एकतिसावी रक्तपेढीची. रक्तपेढीचा प्रोग्रॅम इतका जुना की नव्या सर्व्हरवर तो उठेचना, म्हणून त्या एकासाठी कोपऱ्यात जुना सर्व्हर ठेवलेला. एकतीस चिठ्ठ्या म्हणजे एकतीस गुरुवार, सात महिन्यांच्या वर. आणि डब्यात शेवटी उरलेली चिठ्ठी होती रक्तपेढीची. ती ज्या गुरुवारी दुपारी निघायची, त्याच गुरुवारी सकाळी आठ वाजता जुन्या सर्व्हरनं मान टाकली.

आता सात महिने मागं या. त्या दिवशी सकाळी तिनं नक्कल काढणारा प्रोग्रॅम नवा बसवला होता. तीस मशीनं झाली, रक्तपेढीचं अडलं. जुन्या सर्व्हरला जुनीच लायब्ररी हवी, आणि नवा प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीचं नाव बघताच तोंड फिरवायचा. तिच्याकडं जुन्या दोन होत्या. आकडे सारखेच, फक्त शेवट वेगळा, एकीचा तीन, एकीचा पाच. एक बसवून बघितली, काढली, दुसरी बसवली. शेवटी जी ठेवली तिला नव्या लायब्ररीचं नाव दिलं. प्रोग्रॅम फसला आणि कामाला लागला. कुलपानं आयुष्यात केलेली ही एकुलती एक लबाडी, आणि तीही एका दिवसापुरती म्हणून केलेली. कोणती ठेवली ते लिहायला तिनं दुपारी वही उघडली, रक्तपेढी असं लिहिलं, पुढं दोन टिंबं दिली. तेवढ्यात फोन वाजला.

फोन आमच्या मामीचा. मी स्टुलावर चढून दिवा बदलत होतो. मामी म्हणत होती थांबा, म्हणून मी जरा जास्तच ताठ उभा राहिलो. मनगट मोडलं. तिच्याच हॉस्पिटलात नेलं. ती धावत आली, वही खोलीतच राहिली. प्लॅस्टर ओलं होतं तोवर माझ्याशेजारी बसली, मग प्लॅस्टर घालणाऱ्याचं पेन मागून घेतलं आणि माझ्या हाताच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात एक आकडा लिहिला. उद्या वहीत उतरवते म्हणाली. पुढचे चार दिवस माझी आंघोळ, माझं जेवण, माझी कटकट. वहीतली दोन टिंबं तशीच राहिली.

प्लॅस्टर सुटलं तेव्हा मी त्याची दोन्ही अर्धुकं मागून घेतली. मामीनं ती दोनदा कचऱ्यात टाकली, मी दोनदा काढली. एकात मी पेन्सिली ठेवतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला आकडा दाखवायचा आणि सांगायचं की माझी भाची अख्ख्या हॉस्पिटलाचं गुपित माझ्या हातावर लिहून गेली. गोष्ट रंगत गेली. माझ्या गोष्टीत ती आकडा लिहिता लिहिता म्हणायची, "ही बसवलीय, मामा, लक्षात ठेव." ऐकणारे खूश, मी खूश.

तर तो गुरुवार. सकाळचं सगळं मला नंतर रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांनी सांगितलं. मान बारीक आणि खाली घेर मोठा, म्हणून हॉस्पिटल त्यांना बाटली म्हणतं, आणि ते स्वतःही फोनवर बाटली बोलतोय असंच सांगतात. मी बाटलीराव म्हणतो. मशीन गेलं तेव्हा ते घाबरले नाहीत. नक्कल आहे, आणि नकलेची राखण कुलूप करते, मग भ्यायचं कशाला? त्या पेढीत रक्त नुसता गट बघून देत नाहीत. काही माणसांच्या अंगात आधी घेतलेल्या परक्या रक्ताविरुद्ध एक द्रव्य तयार होतं. काही महिन्यांनी ते चाचणीत दिसेनासं होतं. गेलेलं नसतं, दबा धरून बसलेलं असतं. तसंच रक्त पुन्हा चढवलं की ते उठतं आणि माणूस हातचा जातो. अशा माणसाला वाचवणारी एकच गोष्ट, मशीनमधली जुनी नोंद. सोबत कागदही असतो, पण कागद तळघरात तारखेप्रमाणे बांधलेले. तारीख माहीत नसेल तर गवताच्या गंजीत सुई.

कुलूप नक्कल उभी करायला बसली आणि तिथंच अडली. नव्या लायब्ररीनं नक्कल उघडेना. मग आठवलं की आपण जुनी ठेवली होती. ती ठेवलेली जागा बघितली, तर तिथं नवी. आदल्याच दिवशी तिनं प्रोग्रॅमचं पुढचं रूप बसवलं होतं, त्यानं आपल्याच नावाची लायब्ररी पाहून ती स्वतःची समजली आणि पुसून नवी ठेवली. रोजच्या अहवालात सात महिने नुसतं नाव उमटत होतं, तेही खोटं, तिनंच दिलेलं. प्रत्येक ओळीपुढं हिरवी खूण. वही उघडली, तर रक्तपेढी आणि दोन टिंबं. दोन्ही जुन्या लायब्ऱ्या तिच्या खणात होत्या, कारण ती काही टाकत नाही. पण नक्कल कोणत्या लायब्ररीनं काढली होती? एक बसवली, एक काढली, सात महिन्यांनी तिलाच आठवेना.

उभी करायला अडीच तास लागत होते, आणि जुन्या सर्व्हरशी जमेल असा बंद कोपरा एकाच नकलेपुरता. तिनं तीनवाली लावली. अकरा वाजता मशीन उठलं. नावं आली, पत्ते आले, गट आले. बाटलीरावांनी हुश्श केलं आणि पहिली नोंद उघडली ती एका शिंपीणबाईंची. सकाळीच भरती झालेल्या, अंगात रक्त फार कमी, दम लागलेला. काही महिन्यांपूर्वी इथंच रक्त घेतलेलं, पण कधी ते बाईंना आठवत नव्हतं. द्रव्याचा रकाना कोरा. कोरा म्हणजे धोका नाही. सकाळच्या चाचणीतही काही नव्हतं. बाटलीराव पिशवी काढायला वळले.

कुलूप म्हणाली, "थांबा काका. हा रकाना कोरा आहे, का कोरा झालाय?"

बाटलीराव मला म्हणाले, आजोबा, सदतीस वर्षं या खात्यात आहे, पण माझ्या पाठीतून असा गार वारा कधी गेला नव्हता. ती सांगत होती ते असं. पहाटेच्या नकलेत रोज सगळं उचलत नाहीत, जेवढं बदललं तेवढंच. कुठं बदललं याच्या खुणा लायब्ररी आपल्या पद्धतीनं ठेवते. दुसऱ्या लायब्ररीनं उघडलं तर काही खुणा तिला दिसत नाहीत. तिथं ती कोरी जागा सोडून पुढं जाते. कुरकुर नाही, तक्रार नाही. मशीन उठतं, चालतं, दिसायला धडधाकट. तीन आट्यांचा नट.

पेढीच्या मुख्य डॉक्टरीणबाई खाली आल्या. बारीक चणीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की शिंपीणबाई फार तर चार वाजेपर्यंत थांबू शकतील. तेव्हा कुलपानं मला फोन केला.

"मामा, तुझं प्लॅस्टर आहे का?"

मी म्हणालो, आहे तर, मामीच्या नाकावर टिच्चून आहे. आकडा वाचून दाखवू लागलो तर तिनं मला मध्येच तोडलं. चष्म्याशिवाय वाचू नको, घेऊन ये म्हणाली. आवाज इतका सपाट होता की मी पेन्सिली टेबलावर ओतल्या आणि चपला उलटसुलट घालून निघालो.

खोलीबाहेरच्या बोळात बाकावर एक बाई चादर पांघरून बसल्या होत्या. वरच्या वॉर्डात जागा व्हायची होती. ओठ आणि नखं धुतलेल्या कापडासारखी. मला धाप लागली होती म्हणून मी क्षणभर शेजारी टेकलो. पिशवीतून डोकावणारं प्लॅस्टर बघून त्यांनी विचारलं, हात बरा झाला ना, आजोबा? मी हो म्हणालो. मग माझ्या सदऱ्याकडं बघून हळूच म्हणाल्या की तिसरं बटण लोंबतंय, सुई जवळ असती तर लावून दिलं असतं. एवढं बोलायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला. याच त्या, हे मला आत गेल्यावर कळलं.

आत तिघं उभे. मी पिशवीतून प्लॅस्टर काढलं. नातवंडांनी काढलेले मासे आणि एक होडी यांच्यामध्ये आकडा होता, अगदी स्पष्ट. शेवटी तीन. म्हणजे समोर उभी असलेलीच नक्कल. बाटलीरावांचा चेहरा उजळला. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं, बारा वाजून गेले होते. सगळं एका क्षणात मिटत होतं. पिशवी काढायची, बाईंना रक्त लावायचं, घरी जायचं.

कुलूप मात्र आकड्यावर बोट ठेवून बसली. दोन लायब्ऱ्या. एक बसवून काढलेली, एक ठेवलेली. आकडा एकच, आणि त्याच्यापुढं एक शब्दही नाही.

"मामा, हा ठेवलेल्या लायब्ररीचा आहे का काढलेल्या?"

माझं तोंड उघडलं. वाक्य तयारच होतं, इतक्यांदा बोललेलं. म्हणालो, ठेवलेल्या, तूच म्हणालीस ना, ही बसवलीय, मामा, लक्षात ठेव.

तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. सहा वर्षांची असताना आमच्या दारात उभी राहून तिनं मला विचारलं होतं, आई येणार आहे का? तशी बघत होती. म्हणाली, "गोष्टीतलं नको, मामा. मी खरंच काय म्हणाले होते?"

आणि मी आठवायला गेलो. प्लॅस्टरचा ओला वास आठवला, पेनाचं टोक आठवलं, तिचं खाली घातलेलं डोकं आठवलं. तिचे ओठ हलत होते. पण आवाज माझाच येत होता हो. ते वाक्य तिचं होतं का मी कधीतरी पाहुण्यांसमोर तिच्या तोंडी घातलेलं, काही केल्या कळेना. इतकी वर्षं बोलतोय, माझं बोलणं कधी अडलं नाही. त्या खोलीत अडलं. भिंतीपलीकडं चादरी घुसळत होत्या, आणि बोळात त्या बाई श्वास मोजत बसल्या होत्या. माझ्या एका हो वर त्यांच्या अंगात काय जाणार होतं, ते मला आता ठाऊक होतं.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

बाटलीरावांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांची खुर्ची काढून घेतली होती. कुलूप मात्र मान हलवून उठली. म्हणाली, काका, मग कागद. तळघरातून गेल्या सात महिन्यांतला कुठलाही एक गठ्ठा आणा, ज्यांच्या रक्तात द्रव्य सापडलं असे वीस कागद वेगळे काढा, आणि नकलेशी ताडून बघू. बाटलीराव म्हणाले, पन्नासात एक असा कागद असतो. ती म्हणाली, मग हजार चाळू.

चौघांनी चाळले. मीही. डॉक्टरीणबाई जमिनीवर बसल्या. धुळीनं शिंका. वीस कागद निघाले. बाटलीराव नाव वाचायचे, कुलूप नकलेतली नोंद उघडायची. पहिला जुळला. दुसरा, तिसरा, चौथा जुळला. आठव्यापर्यंत जुळले. बाटलीरावांचा आवाज मोकळा व्हायला लागला. नवव्याला, एक सुतार होता, कागदावर द्रव्याचं नाव लाल शाईत. पडद्यावर रकाना कोरा. स्वच्छ, पांढरा, निरोगी माणसासारखा.

जी गोष्ट मी सात महिने छातीठोकपणे सांगत आलो ती उलटी होती. तीन हा काढलेल्या लायब्ररीचा आकडा. पुठ्ठ्यावर फुली मारायची म्हणून तिनं तो लिहून ठेवला असावा.

एक वाजायला आला होता. तिनं तीनवाली नक्कल पुसली आणि पाचवाली लावली. पडद्यावर एक पट्टी सरकत होती, मुंगीच्या पायानं. आता दुसरं काही उरलं नव्हतं. हीही नाही उठली, किंवा उठून तिनंही रकाने कोरे दाखवले, तर सात महिन्यांच्या नोंदी गेल्याच. मी हळूच विचारलं की असं झालं तर काय. ती म्हणाली तर तळघर. सात महिन्यांचे सगळे गठ्ठे, आणि चारच्या आत त्यातून एक कागद. मग तिनं वही उघडली आणि त्या दोन टिंबांपुढं लिहायला लागली. वाकून बघितलं तर सकाळपासूनचं सगळं होतं. स्वतःची लबाडीही, तारखेसकट, एक शब्द न झाकता. मी म्हणालो, अगं, दोष माझ्या स्टुलाचा. तिनं वर न बघता सांगितलं की स्टूल पडलं ते दुपारी, लबाडी सकाळची.

दोनदा मी बोळात जाऊन आलो. पहिल्यांदा बाई बसलेल्या होत्या. दुसऱ्यांदा बाकावर आडव्या झाल्या होत्या, आणि नर्स त्यांच्या नाकाला नळी लावत होती. मला बघून बोटानं सदऱ्याकडं खूण केली. बटण पडलं होतं.

तीन वाजून वीस मिनिटांनी मशीन उठलं. कुणी हुश्श केलं नाही. बाटलीरावांनी तेच वीस कागद उचलले. पहिला जुळला. आठवा जुळला. नवव्याला ते थांबले आणि सुताराचं नाव वाचलं. पडद्यावर द्रव्याचं नाव होतं. लाल शाईतलं तेच, अक्षर न् अक्षर. पुढचे अकराही जुळले. मग कुलपानं शिंपीणबाईंची नोंद उघडली. रकाना कोरा नव्हता. द्रव्याचं नाव, आणि पाच महिन्यांपूर्वीची तारीख.

बाटलीराव त्या तारखेचा गठ्ठा आणायला धावले. तो देह धावताना मी प्रथमच पाहिला. कागद सापडला, जुळला. सकाळी जी पिशवी ते काढायला वळले होते ती त्यांनी मला नंतर दाखवली. चांगली, ताजी, गटाला गट जुळणारी. आणि त्या बाईंच्या अंगात पाच महिने दबा धरून बसलेलं द्रव्य नेमकं त्याच रक्ताची वाट बघत होतं. मी ती हातात घ्यायला नकार दिला. चारला पाच मिनिटं कमी असताना दुसरी पिशवी, शोधून, ताडून, बाईंच्या खाटेला लटकली.

डॉक्टरीणबाई परत खोलीत आल्या तेव्हा कुलूप पुठ्ठ्यावरच्या एका चौकटीसमोर पेन धरून उभी होती. तीनच्या रकान्यात तिनं फुली मारली होती, पाचच्या रकान्यात काहीच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की खूप छान काम केलंत, आता पेढीच्या खिडकीवर सकाळपासून अडकलेली माणसं आहेत, उद्याची ऑपरेशनं आहेत. हातात एक कागद होता, मशीन पूर्ववत झालं असं लिहिलेला, खाली सहीची जागा. सगळ्यांसाठी रक्त सोडायला आता हरकत नाही ना, असं त्यांनी विचारलं. बाटलीराव माझ्याकडं बघून हसले, मीही हसलो. मला वाटलं, संपलं.

कुलपानं तो कागद घेतला, सही न करता उलटा ठेवला आणि खुर्ची पुढं ओढली.

"एकवीस जणांचं मी सांगू शकते, डॉक्टर. बाकीच्यांना रक्त द्यायच्या आधी प्रत्येकाचा कागद वर मागवा, मी इथंच बसून एकेक ताडून बघते."